तात्यांनी बंद केलेलं चॅनेल

संध्याकाळच्या बातम्या लागल्या की कुरुळीचे केबलवाले सोपानतात्या ओलं फडकं घेऊन टीव्हीसमोर उभे राहत आणि ओरडणाऱ्या निवेदकाचं तोंड काचेवरून पुसत. "लाळ गळती ह्याची," म्हणत. मग ते फडकं मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरून बाहेर टाकत. हा प्रयोग मी रोज त्यांचाच चहा पीत पाहिला. तिकीट नव्हतं.

खरं तर हे सगळं गावात आणलं त्यांनीच. एकच सरकारी चॅनेल होतं तेव्हा गोठ्याच्या छपरावर भली थोरली छत्री उभारून तात्यांनी आकाशातून डझनभर चॅनेलं खाली उतरवली. पुढे नुसत्या बातम्यांचीच इतकी झाली की ती एकमेकांच्या उरावर बसली. "आधी आमी, आधी आमी. बारशाच्या घुगऱ्या हायत व्हय?" तात्या विचारत.

अलीकडेच त्यांच्या शेजारच्या खोलीतला, लातूरकडचा वैभव कंपनीत मशीनखाली सापडून गेला. त्याची आई गावाहून आली आणि तिच्या मागोमाग कॅमेरा. बातमीदार म्हणाला, "मावशी, आवाज नीट आला नाही. पुन्हा एकदा रडता का?"

तात्यांनी कॅमेऱ्याच्या दिव्याची वायर उपटली. "तुझ्या घरी मयत झाली की सांग. आमी बी येतो, दोनदा रडवतो."

त्याच दिवशी त्यांनी त्या बातमीदाराचं चॅनेल आपल्या केबलवरून काढलं. गाव चिडलं, कारण निम्मे लोक त्या बातमीत दिसणार होते. "लावा राव तात्या, नाहीतर आम्ही स्वतःची छत्री बसवतो."

"बसवा. गटार घरात घ्यायचं तर पाइप बी तुमीच आणा."

आठवड्याभरात घराघरांवर ताटाएवढ्या छत्र्या उगवल्या. त्यात एक माझी होती. तात्यांनी ती पाहिली आणि माझा चहा बंद केला.

समेट करायला गेलो, तर दारात वैभवची आई उभी. "दादा, त्या चॅनेलवर अजून माझ्या लेकराला दाखवायलेत म्हणं. त्याचा मोबाइल मशीनमधी चेपला. माझ्यापाशी एक फोटो न्हाई."

तात्यांनी फक्त आपल्या टीव्हीवर ते चॅनेल लावलं आणि आवाज पार बंद केला. वैभव हसत होता. भोवती लाल बाण नाचत होते. लगेच साबणाची जाहिरात आली.

"परत येईल का?"

"येतोय. बसा."

दुपारभर तात्या तिच्याशेजारी बसले. चौथ्यांदा वैभव आला तेव्हा त्यांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो घेतला. चाकणच्या फोटोवाल्याकडून बाण काढून घेतले, फोटो मोठा करून तिला दिला.

पुढे एकेक घर त्यांची केबल सोडत गेलं. शेवटचं घर जाईपर्यंत तात्यांनी ते चॅनेल गावाला दिलं नाही.