जिनिंगचा लांबलचक फोटो

सरकीचा वास आला की मला दर्यापूरच्या जिनिंग कारखान्याचा तो लांबलचक फोटो आठवतो. कापसाला भाव नसलेली वर्षं होती, माझ्या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बमसुद्धा येईनासे झाले होते, आणि त्यातच जिनिंगच्या शेठनं आवाराच्या फोटोचं माझं नेहमीचं काम समोरच्या स्टुडिओवाल्याला दिलं. त्यानं ते आवार तुकड्यातुकड्यानं टिपलं आणि मोठी प्रिंट काढायला सीडी घेऊन माझ्याकडेच आला. मी त्याची टिफ फाईल उघडली, तर एका कोपऱ्यात रिकामी बैलगाडी आणि बाकी सगळं कोरं! मला आतून गुदगुल्या झाल्या. "फसला ना भाऊ तुमचा फोटो!" मी म्हणालो. "नाही भाऊ," तो हसला, "एकाच फाईलीत समदे तुकडे पानावर पान ठेवून हायेत. तुमी वरचंच पान पाहून राहिले. जोडाचं काम माया कम्प्युटरले झेपत नाही, म्हणून इथं आलो." मग माझ्याच खुर्चीत बसून त्यानं सोबत आणलेलं सॉफ्टवेअर टाकलं, आणि थोड्या वेळानं कापसाच्या गंज्या, गाड्या, माणसं, सगळं पडद्यावर एकसंध पसरलं. माझ्या पोटात दुखायला लागलं. तो फोटो शेठच्या ऑफिसात अजून टांगलेला आहे. तिथं गेलो की चहा येईपर्यंत मी त्यात सांधा शोधत बसतो. लेकाचा अजून सापडत नाही.