पुढच्या रांगेचा मान

हारान गावात लाबान नावाच्या मेंढपाळाच्या घरी तिरसा आली ती विधवा होऊन. नवरा विहीर खणताना दरड कोसळून गेला, पोटचं एकुलतं पोर त्याच्या आधीच तापाने गेलं होतं. मग बाईने दुसऱ्यांची बाळंतपणं करायला सुरुवात केली. सुईण म्हणून तिचा हात हलका आणि तोंड भारी तिखट. वेणा देणाऱ्या बाईला ती अशा शिव्या घाले, की हिचं ऐकण्यापेक्षा लवकर मोकळं झालेलं बरं, असं त्या बाईला वाटे.

लाबानचा जावई याकोब, त्याची सगळी लेकरं तिच्याच हातांत आली. याकोबच्या बायका चार. राहेल त्याच्या मनातली. तिची थोरली बहीण लेआ सासऱ्याने फसवून गळ्यात बांधलेली. बिल्हा आणि जिल्पा या दोघी बहिणींच्या दासी. बहिणींच्या चढाओढीत त्यांनाही याकोबच्या तंबूत ढकललं गेलं. कुणी कुणाला किती आवडतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. तिरसा मात्र म्हणायची, "राणीचं असो की दासीचं, पोर बाहेर येतं ते लालभडक आणि चिडलेलंच. मला तर एकातही फरक दिसला नाही बाई." हे ती अभिमानाने सांगायची. चारचौघांत, छाती पुढे काढून सांगायची.

याकोबने बिऱ्हाड हलवलं आणि आपल्या मुलखाची वाट धरली, तेव्हा तिरसाही निघाली. पोरांना सोडून ती कुठे राहणार? पण वाटेतच बातमी आली की याकोबचा थोरला भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन सामोरा येतो आहे. याकोबने तरुणपणी एका वाटीभर मसुरीच्या आमटीवर त्याचं थोरलेपण विकत घेतलं होतं, वर आंधळ्या बापाला फसवून आशीर्वादही लाटला होता. वीस वर्षं तो राग मुरत पडलेला. सगळ्या तळाने जीव मुठीत धरला.

रात्री याब्बोक नदीचा उतार ओलांडून सगळे पलीकडे आले, याकोब तेवढा मागे राहिला. सकाळी तो मागून एकटाच आला, तो लंगडत. काय झालं ते त्याने सांगितलं नाही. समोरच्या टेकाडावर धूळ दिसत होती. त्याने तिरसाला बाजूला घेतलं.

"तिरसाबाई, पोरं तुझं ऐकतात. दासी आणि त्यांची मुलं पुढे लाव. त्यांच्यामागे लेआ आणि तिची. राहेल आणि तिचा योसेफ अगदी शेवटी."

तिरसा बघतच राहिली. मेंढपाळांत हे सांगावं लागत नाही. अनोळखी खिंडीतून कळप न्यायचा तर लंगडी, म्हातारी, गेली तरी चालतील अशी जनावरं पुढे घालतात. लांडगा आलाच तर त्यांच्यावर भागतं, आणि चांगली जनावरं मागे फिरवायला वेळ मिळतो.

"धनी," ती म्हणाली, "ही पोरं आहेत."

"म्हणून तर तुला सांगतोय," याकोब म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात राहेलने हाक मारली, "तिरसाबाई, तू माझ्याजवळच थांब हं. योसेफ तुला सोडून राहायचा नाही."

आणि तिरसाला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, मग त्याची शरम वाटली. इतकी, की कानशिलं तापली. एरवी धन्यालाही फाडकन बोलणारी बाई, आज "बरं" म्हणून निघाली.

ती बिल्हा-जिल्पाकडे गेली. बिल्हाने तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता धाकट्या नफतालीला कडेवर घेतलं. जिल्पा गप्प बसणारी नव्हती. "आम्हीच ना पुढे?" ती म्हणाली. "बरं आहे. बिछान्यात शेवटी आणि मरायला पहिल्या."

"पोरांसमोर काय बोलतेस!" तिरसा खेकसली. मग पोरांकडे वळून हसू आणत म्हणाली, "चला रे, काका येतोय. पुढच्या रांगेचा मान तुमचा!"

बिल्हाचा थोरला दान असेल आठेक वर्षांचा. दोन वर्षं झाली, कोकरांमागे हिंडत होता. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, पुढे तर लंगड्या मेंढ्या असतात."

तिरसाने त्याच्या खांद्याला धरून त्याला रांगेत सरळ उभं केलं. मग ती मागे गेली. दासींच्या पोरांवरून, लेआच्या पोरांवरून, पार शेवटी, आणि योसेफचा हात धरून उभी राहिली. एवढं अंतर ती आयुष्यात कधी चालली नव्हती, असं तिला वाटलं.

पुढे झालं ते भलतंच. एसाव धावत आला आणि भावाच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. याकोबही रडला. एकेक रांग पुढे येऊन काकाच्या पाया पडली. बायकांना तर हसू आवरेना. "स्वयंपाकाला काय लावू?" कुणीतरी विचारलं, तर जिल्पा म्हणाली, "काहीही लाव, मसूर तेवढी नको!" सगळा तळ खो खो हसला. तिरसाही हसली. सुटलो, तिला वाटलं. कुणाला ओरखडादेखील आला नाही, म्हणजे झालं गेलं विसरून जाता येईल.

एसाव आपल्या वाटेला लागल्यावर तिने पोरांसाठी गव्हाची खिचडी उतरवली आणि हाक दिली. रोज ही हाक गेली की सगळी पोरं एकमेकांना तुडवत भांड्यावर पडायची आणि तिरसा पळीने टोले द्यायची. आज लेआची पोरं आली, योसेफ आला. दासींचे चौघे अलीकडेच थांबले. नफताली पुढे पळणार तोच दानने त्याचा सदरा धरला.

"थांब. आधी योसेफ, मग लेआ आईचे. आपण शेवटी."

"कुणी सांगितलं रे तुला हे?" तिरसा ओरडली.

दान रागावलेला नव्हता. मोठ्या माणसाला आठवण करून द्यावी, तसं तो म्हणाला, "तूच तर लावलंस ना मावशी सकाळी."

पलीकडे याकोब बसला होता. त्याने ऐकलं आणि तो दुखरा पाय चोळत राहिला. तिरसाला म्हणायचं होतं, या रे, सगळे या, माझ्या हातांना काही फरक नाही. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? योसेफ वाडगा पुढे करून उभा होता. भूक लागली होती त्याला, त्याचा काय दोष?

तिरसाने त्याला आधी वाढलं.