पेपर कोरा सोडायचा नाही

सरांनी माझा स्कोअर मोठ्याने वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, शेजारच्या मॅडमना ऐकू गेला नसेल म्हणून. मॅडमना ऐकू गेला होता. त्या खाली बघून हसत होत्या.

"हिने एकही प्रश्न सोडलेला नाही," सर म्हणाले. "निगेटिव्ह मार्किंग आहे, तरी सगळे ठोकलेत. काय डेअरिंग आहे ना!"

"थँक्यू सर," मी म्हणाले.

त्यावर दोघंही हसली. मीही हसले. मला वाटलं, माझं बरं चाललंय.

चेंबूरच्या एका मोठ्या संस्थेत एम.ए.च्या प्रवेशाची ती मुलाखत होती. विषय अर्थशास्त्र.

आमच्या तालुक्याच्या शाळेत बाईंनी पहिल्यापासून एक शिकवलं होतं. पेपर कोरा सोडायचा नाही. येत नसेल तरी काहीतरी लिहायचं. काहीच सुचलं नाही तर प्रश्न तरी उतरवायचा. तपासणारा माणूसच असतो, त्याला दया येते. या नियमावर मी दहावी झाले, बारावी झाले, घरातली पहिली पदवीधर झाले. बाईंचे उपकार आहेत.

प्रवेश परीक्षेत चुकलं की गुण कापतात, हे मी वाचलं होतं. पण स्क्रीनवर रिकामा गोल दिसला की मला बाई दिसायच्या. सगळे गोल भरले. येत होतं त्याचे गुण न येणाऱ्या प्रश्नांनी खाल्ले. तिथे तपासायला माणूस नव्हता.

मी घाटकोपरला मामाकडे राहते. निकाल ऐकून मामी म्हणाली, "गप बसली असतीस तर जास्त मिळाले असते? आणि तू बोलत सुटलीस? वाट लावलीस गं स्वतःची."

तरी मुलाखतीला बोलावणं आलं. राखीव जागांसाठी गुणांची जी रेषा होती, तिच्या अगदी काठावर मी होते. निघताना मामी म्हणाली, "जास्त वाकू नको तिथे. मोठ्या लोकांना सवय लागते."

मी आत जाताच वाकून दोघांच्या पाया पडले होते.

"वडील काय करतात?" सरांनी विचारलं.

"नगरपंचायतीत सफाईला आहेत सर."

"अच्छा." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "म्हणजे घरात वातावरण नाही."

बेरोजगारी, महागाई, शेतमालाचे भाव. सगळं तयार करून गेले होते. अर्थशास्त्राचा एकही प्रश्न आला नाही. सर उठले. दार थोडं उघडं होतं, ते लावून घेतलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. मऊ झाला होता. आधीच्या हसण्याची मला भीती वाटली नव्हती. त्या मऊ आवाजाची वाटली.

"बघ बाळा, प्रवेश तुला मिळेल. नियमच आहे तसा. पण टिकशील का? पहिल्या सत्राचा पेपर मी शिकवतो. तपासतोही मीच."

तपासणारा माणूस. समोरच बसला होता.

मॅडमनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "स्वतःच्या इच्छेने जागा सोडते, एवढंच लिही. घरच्या अडचणी लिहिल्यास तरी चालेल. नापास होऊन जाण्यापेक्षा बरं ना? तुझ्या भल्याचंच सांगतोय."

सरांनी स्वतःच्या पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

मी कागद घेतला. डावीकडे समास दुमडला, बाईंनी शिकवला तसा. नखाने घडी घट्ट केली. कोरा कागद समोर आला की माझा हात थांबत नाही. वर 'सविनय' लिहायचं, एवढंही ठरलं होतं.

मॅडम कौतुकाने बघत होत्या. "मागच्या वर्षीच्या मुलीनेही असाच समास पाडला होता," त्या म्हणाल्या. "काय सुंदर अक्षर होतं तिचं! तुझ्यासारखीच होती अगदी. शांत."

पेन कागदाला टेकलं होतं. तिथेच राहिलं.

कोण होती ती? कुठल्या तालुक्याची? तिच्या बाईंनीही हेच शिकवलं असेल. कोरं सोडू नकोस. मोठ्यांना नाही म्हणू नकोस. तीही आत येताच पाया पडली असेल. लिहून झाल्यावर थँक्यू म्हणाली असेल. तेव्हा मला माझं मघाचं थँक्यू ऐकू आलं. त्यांना ऐकू गेलं होतं तसं. कान तापले.

मी पेनाला टोपण लावलं.

"लिही ना," सर म्हणाले.

"नाही सर."

"मराठीत लिही. मराठी येतं ना?"

"येतं. लिहिणार नाही."

कुणी हसलं नाही. मी कागद परत सरकवला. समास पाडलेला, कोरा. जन्मात पहिल्यांदा.

"विचार कर," सर म्हणाले. आवाज तसाच मऊ. "नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

मी उठले. पाया पडले नाही. थँक्यूही म्हणाले नाही. दार त्यांनी लावलं होतं, ते मी उघडून तसंच उघडं ठेवलं.

घरी मामीने सगळं ऐकून घेतलं. गॅस बंद केला. भाकरीच्या पिठाचे हात पुसले.

"आता ते तुला सोडायचे नाहीत गं."

"माहीत आहे मामी."

यादीत माझं नाव आलं आहे. सोमवारी पहिला तास त्याच सरांचा. मी पहिल्या बाकावर बसणार आहे. येत नाही ते येत नाही, असं उभं राहून सांगणार आहे. येतं ते सोडणार नाही. त्यांनी गुण कापले तर पेपर समोर मागून घेणार, आणि कुठे कापले ते दाखवा म्हणणार. दया नको. हिशेब हवा.

आणि त्या मुलीचं नाव मला अजून माहीत नाही. ते मी शोधून काढणार आहे.