नानांची खिंड

नाना आज सकाळी गेले. शांतपणे वगैरे नाही गेले.

शेवटच्या श्वासापर्यंत मारामारी केली. नर्सच्या हाताला चावलेसुद्धा.

त्यामुळे कमेंटमध्ये 'झोपेतच गेले असतील, पुण्यवान माणूस' असलं काही लिहू नका. माझ्या बापाला खोटं मरण चालायचं नाही. ते का, तेच सांगायला ही पोस्ट.

बाहत्तर सालची दिवाळी. गाव विंझर. मी तेव्हा चौथीत.

नाना आणि त्यांचा जिगरी दोस्त महादेव, दोघं एकदमच फौजेत भरती झालेले. एकाहत्तरच्या लढाईतून नाना लंगडत परत आले. महादेवची तार आली. मग ट्रंक आली.

तेव्हा जवानांचे देह घरी आणत नसत, तिकडंच अग्नी देत. त्याच्या आईला, हौसामावशीला, पोराचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

नानांनी तिला सांगितलं होतं, "कपाळात गोळी बसली, मावशी. जाग्यावर गेला. कळलंबी न्हाई त्याला."

तिनं ऐकून घेतलं.

परत आलेले नाना वेगळेच होते. भाकरी करपली की तवा भिरकावायचे. आईच्या कपाळावरचा व्रण त्या तव्याचा. माणूस मेला की लगेच त्याचा देव करायचा नसतो, म्हणून हेही लिहिते.

त्या दिवाळीत त्यांनी आम्हा पोरांच्या किल्ल्याचा ताबा घेतला. म्हणाले, खिंडीतली लढाई मांडायची. "आपल्या भोरच्या डोंगरातली मान्सं कापली तितं. आन तुमी नुस्तं सिंहासन मांडताय व्हय?"

भोरच्या बाजारातून कच्च्या मातीचे मावळे आणले. टोपलीभर. पण शत्रू कुठून आणायचा? कुंभार शत्रू करतच नसे. विकत कोण घेणार?

मग मावळ्यांमधूनच शत्रू काढायचं ठरलं. नाना पगडी खरवडून टाकायचे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी छातीवर चिकटवायचे, की झालं चिलखत. आपला मावळा शत्रूत द्यायला एकही पोर तयार होईना. त्यावरून आमची तुंबळ हाणामारी. मी एकाचं नाक फोडलं.

त्यानंतर नानांनी मावळे मारायला घेतले.

बाहुली ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची. हात पिरगाळायचा. दाढीच्या पात्यानं मान कापायची, पण अर्धीच. "मान येका घावात तुटत न्हाई," म्हणायचे.

खराट्याची काडी गळ्यातून आरपार. लाल लोकरीची आतडी. तेलात कालवलेल्या शेंदराचं रक्त. एक जण आपलाच तुटलेला पाय धरून सरपटत होता.

अख्खं गाव बघायला लोटलं. बाया पोरांचे डोळे झाकायच्या.

सरपंच नानांना म्हणाले, "दत्तू, सणासुदीचं दारात मढी मांडतोस?"

नानांनी कोयता उचलला. सरपंच आल्या पावली परत गेले.

पाडव्याच्या दुपारी हौसामावशी आली. खिंडीसमोर फतकल मारून बसली. एकेक बाहुली उचलायची, निरखायची, परत ठेवायची.

गळ्यात काडी घुसलेला मावळा दाखवून तिनं विचारलं, "दत्तू, ह्यो किती येळ जगला?"

"घटकाभर."

"आन ह्यो पायवाला?"

"त्यो लई येळ. सांजपातुर."

"तुज्या खिंडीत कुनीबी जाग्यावर मेलं न्हाई. मग माजाच तेवडा कसा मेला?"

नाना उठायला लागले. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"बस. पोटात म्या वागवला त्याला. त्याचं मरानबी माजंच हाय. दे माजं मला."

नाना परत खाली बसले. मग पोटाशी दुमडून पडलेला एक मावळा उचलून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

आणि सांगितलं. तोफगोळ्याचा तुकडा पोटात घुसला तो सकाळी. जीव गेला दुपार कलल्यावर. तोवर महादेव गुरासारखा ओरडत होता. बाहेर आलेली आतडी नानांनी दोन्ही हातांनी आत दाबून धरली होती. आईला हाका मारत होता. पाणी मागत होता.

"दिलंस?"

"न्हाई. पोटाच्या जखमंला पानी दिलं की मानूस मरतो, आसं शिकवल्यालं आमाला."

"मेलाच की."

"व्हय."

तिनं नानांच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, जिथं लागेल तिथं. बांगड्या फुटल्या, नानांच्या गालातून रक्त आलं. माझी आई सोडवायला धावली, तर नानांनी तिला हातानंच अडवलं. सरपंचावर कोयता उचलणारा माणूस मान खाली घालून मार खात होता. ती थकली तेव्हा त्यांच्याच गळ्यात पडली आणि ओरडली.

यानंतर नाना सुधारले असं समजू नका. तवे उडतच राहिले. पण दारावरून जाताना हौसामावशी थांबायची आणि विचारायची, "दत्तू, जेवलास का रं?"

काही वर्षांनी तिनं अंथरूण धरलं. आता काही खरं नाही म्हणून भावकी जमली. शेवटचं पाणी तोंडात घालायला सख्खा पुतण्या पुढं झाला, तर म्हातारीनं दात घट्ट मिटून घेतले.

पळी बाजूला केली तेव्हा बोलली. "दत्तूला बोलवा. माज्या तोंडात पानी त्यो घालंल."

नाना लंगडत, धडपडत गेले. मी त्यांच्या मागं होते. त्यांच्या हातून पहिली पळी उशीवरच सांडली. दुसरी ती प्यायली.

"आनिक दे," म्हणाली.

नाना रडत रडत पाजत राहिले. तांब्या रिकामा होईपर्यंत.

नाना, आईचा राग आणि माझा नमस्कार, दोन्ही घेऊन जा.