हाकेला दिलेली ओ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आमच्या काशीच्या ब्रह्मा घाटावरची माणसं मनात काही सलायला लागलं की चार पायऱ्या उतरतात आणि गंगेला सांगून मोकळी होतात. मीही रोज उतरते, पाण्यात हात बुडवते — आणि तशीच वर येते. तिलाही सांगितलेलं नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. पण हा पहिला परिच्छेदच मी तिसऱ्यांदा लिहिते आहे.

मी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवते. मागच्या महिन्यात आमच्या मुख्याध्यापिकांनी मला प्रार्थनेनंतर बोलायला उभं केलं. विषय त्यांनीच दिला होता, जंगलातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीनं मला काय शिकवलं. मी बोलले. धीर, शिस्त, मैत्री, सोबतच्या माणसाला वाटेत न सोडणं — तोंड आपलं चालू होतं. शेवटी मुख्याध्यापिकांनी कौतुकानंच विचारलं, "लेकिन आपको कैसे सूझा कि आपकी सहेली उसी तरफ गई होगी?" मी म्हणाले, बस, अंदाज. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला डबा गेला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, ते अगदी शब्दशः घशात खवखवतं, हे तेव्हा कळलं.

कुठून सुरू करू? पळण्यापासून करते.

चाळिशी उलटल्यावर मला साखरेचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता मी पळायला लागले. पहाटे पाचला, पंजाबी ड्रेस आणि मुलाचे जुने बूट घालून, आमच्या गल्लीतून. दुधवाले हसायचे. समोरच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "काय गं, ट्रेन छूटते आहे का?" वर्षभर मी एकटीनं ते सगळं ऐकून घेतलं. वर्षभर — हे मी मुद्दाम सांगते आहे. हा हिशेब मी मनात पक्का धरून ठेवला होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मग नंदा आली. नंदा म्हणजे माझी लहानपणापासूनची मैत्रीण, तीन घरं सोडून राहणारी. दोघींची आजोळं साताऱ्याकडची, दोघींचे आजोबा वेदपाठी, आणि दोघींनी लग्नंही अशी केली की घाट सुटला नाही. "मला पण घेऊन चल ना गं, घरात बसून बसून कंटाळा आला," म्हणाली. मी तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या गुडघे न दुखवता कशा उतरायच्या ते शिकवलं. सहा महिन्यांत ती माझ्या पुढे होती. काही न करता. तिची अंगकाठीच तशी. आणि त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला तो नंदाचा — "काशीच्या मराठी महिलांमधल्या पहिल्या धावपटू." पहिल्या! मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. नंदानं माइकवर माझं नाव घेतलं, ही माझी गुरू म्हणाली. ते तर आणखीच झोंबलं. अशा गोष्टी माणूस विसरतो का? मी विसरले नाही.

आता आमच्या हाकेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील तर ठाऊक असेल, वळणापलीकडचं काही दिसत नाही. सांड उभा असतो, मोटरसायकल येते, कुणी शव घेऊन निघालेलं असतं. म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. पुढची बाई वळणावर पोहोचली की हाक द्यायची, "महादेव!" इथे माणसं एकमेकांना भेटतानाही तेच म्हणतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटायचं नाही. मागची म्हणायची, "महादेव!" तिच्या ओचा अर्थ ठरलेला होता — मी मागे आहे, वाट बरोबर आहे, जा. काही चुकत असेल तर ओ द्यायची नाही, "थांब" म्हणायचं. तीन वर्षं ही रीत एकदाही मोडली नव्हती. देवाचं नाव आहे, त्यात कोण खोटं बोलणार?

शर्यत विंध्याच्या डोंगरात होती, बनारसपासून दोन-अडीच तासांवर. पन्नास किलोमीटर, पायवाटा, ओढे, दगड. पहाटे सहाला सुरुवात, संध्याकाळी पाचच्या आत संपवायची. आम्ही तिघी गेलो होतो, मी, नंदा आणि पूनम. पूनम रुग्णालयात नर्स आहे, मिर्झापूरची, आम्हां दोघींपेक्षा दहा वर्षांनी लहान. तिघींनी आदल्या दिवशी शपथ घेतली होती की संपवायचं तर एकमेकींचे हात धरून.

सुरुवातीलाच नंदानं चष्मा काढून माझ्या पिशवीत टाकला. घामानं सारखा नाकावरून घसरत होता. चष्म्याशिवाय तिला पायाखालचे दगड दिसतात, पण वीस पावलांवरचं सगळं पुसट. "तू आहेस ना मागे," म्हणाली. "मला काय टेंशन?"

पस्तिसाव्या किलोमीटरला पूनमचा घोटा मुरगळला. पाण्याच्या ठाण्यावर ती खाली बसली ती उठलीच नाही. "दीदी, आप लोग निकलिए, हमारे चक्कर में टाइम मत खराब कीजिए." निघालो. तिथून नंदा पुढे. मी तिच्या पाठीकडे बघत पळत होते. माझी मांडी आखडत होती आणि ती मात्र बकरीसारखी दगडांवरून उड्या मारत चालली होती. मधूनमधून थांबायची, माझ्यासाठी. ते थांबणं मला सहन होत नव्हतं — कळतंय का तुम्हाला? ती सोडून गेली असती तर मी तिला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. पण ती थांबायची, हसायची, "ये ये, आरामात ये" म्हणायची. जिला मी पळायला शिकवलं, ती मला आरामात ये म्हणत होती.

बेचाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास वाट फुटली.

संयोजकांनी वाट दाखवायला झाडांना लाल फिती बांधल्या होत्या, चकचकीत, प्लास्टिकच्या. त्या डावीकडे गेल्या होत्या. उजवीकडे खाली एका देवीचं ठाणं असावं, कारण त्या वाटेवरच्या झाडांना नवसाच्या चुनऱ्या बांधलेल्या होत्या. लाल सुती चिंध्या, उन्हानं विटलेल्या, काहींना अजून जरीची किनार. आपण आयुष्यभर असे नवस बांधत आलेल्या बायका. मला एका नजरेत कळलं की ह्या फिती नाहीत. नंदाला कळणं शक्य नव्हतं. तिला फक्त लाल दिसलं. ती उजवीकडे वळली.

इथवर मी पूनमला सांगितलेलं आहे, पण वेगळं. मी सांगितलं की वाट फुटली तिथे मी पोहोचले तेव्हा नंदा दिसेनाशी झाली होती. मला वाटलं, ती डावीकडूनच पुढे गेली. सगळ्यांना मी हेच सांगितलं आहे. पुष्कळदा सांगितल्यामुळे आता ते मला दिसतंसुद्धा — रिकामी वाट, कुणी नाही.

वाट रिकामी नव्हती. नंदा माझ्यापासून पन्नास पावलांवर होती. तिचा निळा टी-शर्ट चुनऱ्यांच्या मधून खाली उतरताना मला स्वच्छ दिसत होता.

आणि मी नुसती गप्प राहिले असंही नाही. बरीच वर्षं मी स्वतःलाही एवढंच सांगत आले — की मी गप्प राहिले. गप्प राहणं त्यातल्या त्यात बरं वाटतं. दम लागला होता, सुचलं नाही, असं काहीतरी म्हणता येतं.

वळणावर ती थांबली. मागे न बघता — बघून तिला दिसणार तरी काय होतं? — तिनं हाक दिली.

"महादेव!"

मी थांबले होते. श्वास होता माझ्यात. "नंदा, डावीकडे" एवढंच म्हणायचं होतं. मनात आलं ते असं : जाईल थोडी खाली, कळेल तिला, येईल परत. दहा मिनिटं. आयुष्यात एकदा दहा मिनिटं मी हिच्या पुढे असेन.

आणि मी ओ दिली. "महादेव!" नेहमीच्या आवाजात. मोठ्यांदा.

ती निश्चिंत होऊन खाली गेली. मी डावीकडे वळले आणि पळाले. मांडी दुखायची थांबली होती, हेही लिहून टाकते.

शेवटच्या रेषेपाशी पोहोचले तेव्हा पावणेचार वाजले होते. गळ्यात पदक घातलं, गुळाचा चहा दिला. मला माहीत होतं की ती आलेली नाही. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. मी चहा प्यायले. साडेचारला संयोजकांच्या जीपमधून पूनम आली, लंगडत उतरली, आणि तिचा पहिला प्रश्न, "नंदा दीदी कहाँ हैं?" मी म्हणाले, मागे असेल, येईल. पूनमनं माझ्याकडे पाहिलं. "पीछे? वो आपके पीछे कैसे?" मी बूट सोडायच्या निमित्तानं खाली वाकले. चष्मा माझ्या पिशवीत होता. पिशवी माझ्या छातीवर होती.

पाचला शर्यतीतला सगळ्यात मागचा स्वयंसेवक आला आणि म्हणाला, वाटेवर आता कुणी नाही. तेव्हा माझी जीभ सुटली. देवीच्या वाटेकडे बघा म्हटलं, तिच्याजवळ चष्मा नाही, चुनऱ्यांना फिती समजली असेल. पोरं धावली. सव्वासहाला, उजेड जाता जाता, ती सापडली. वाट चुकल्याचं कळल्यावर वर चढायला गेली होती, दगड निसटला आणि ओढ्यात पडली. डावा पाय दोन जागी मोडलेला. चार तास ती तिथे पडून होती. हाका मारत होती. कोणती हाक, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

पाय राहिला. आत सळी आहे, टाच नीट टेकत नाही. पळणं संपलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. हे ते माझ्यासमोर म्हणाले, कारण रुग्णालयात रात्रंदिवस मीच होते. काय सेवा केली मी तिची! सगळा घाट बोलत होता.

पुढच्या गणेशोत्सवात शाल-श्रीफळ मला मिळालं. शर्यत पूर्ण केली म्हणून, आणि मैत्रिणीचा जीव वाचवला म्हणून. शाल नंदानं घडीसकट माझ्या खांद्यावर ठेवली, कुबडी बगलेत धरून. माझ्या कानाशी म्हणाली, "तुझंच होतं हे, पहिल्यापासून." ती शाल अजून घडी मोडली नाही अशी कपाटात आहे.

तिनं मला एकदाच विचारलं. विचारलं म्हणजे तरी काय, तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर मटार सोलत बसलो होतो. म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी मला तुझी ओ ऐकू आली होती. एकदम साफ. मी खूप विचार केला. मग वाटलं, डोंगरच तो. माझाच आवाज फिरून आला असणार." आणि हसून म्हणाली, "बघ ना, महादेवानं पण फसवलं."

मी म्हणाले, "हो, असं होतं डोंगरात."

त्याला आता चार वर्षं झाली.

मी अजून पळते. थांबले तर लोक विचारतील का थांबलीस, आणि नंदा तर थांबूच देत नाही. पहाटे पाचला ती काठी टेकत दाराशी येऊन उभी राहते, खास मला निरोप द्यायला. मी गल्लीच्या वळणाशी पोहोचले की मागून तिची हाक येते. आमची रीत उलटी झाली आहे, आता मागची हाक देते. मी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ती कान देऊन उभी असते. ओ ऐकू आल्याशिवाय आत जात नाही.

आजही आली हाक.

मी ओ दिली. नेहमीच्या आवाजात, मोठ्यांदा.