सारसोळ्याच्या बांधावरचा जवळा

दुकानदाराने मला फसवलं. चिखलातही पळणारी, जाड टायरची दणकट इलेक्ट्रिक सायकल मी घासाघीस करून घेतली आणि त्याने गुपचूप हलके ब्रेक बसवून दिले. काल घरात सुका जवळा परतल्याचा वास आला आणि सारसोळ्याची खाडी आठवली. ती सायकल घेऊन एका सकाळी मी तिथल्या बांधावरून सुसाट निघालो होतो. पुढे एका कोळणीने जवळा वाळत घातलेला. ब्रेक दाबले तरी सायकल थांबेना, जवळ्यातून फरफटत मी आडवा झालो. ती धावत आली. "दादा, लागलं तं नाय ना? पानी पी आदी." मी पाणी प्यायल्यावर तिने चिखलात गेलेला जवळा दाखवला. "दोन दिस वालवीत व्हते. याचं काय ते बघ." मी बाजारात वाढलेला माणूस. सवयीने मूठभर उचलून हुंगला आणि म्हणालो, "मावशी, माल ओला आहे, निम्मी तर मातीच." "माती तूच घातलीस ना रं?" ती म्हणाली. तरीही मी भरपाईचाही भाव पाडूनच निघालो. ब्रेकसाठी दुकानात जाऊन मी तासभर भांडलो. पण जिने आधी पाणी दिलं, तिच्या मालाला मी तिच्याच तोंडावर नावं ठेवली, त्याचा जाब मला आजवर कुणी विचारलेला नाही. कुणीतरी विचारा.