सरांना न दिसलेले पिवळे खडे

चांद्याच्या नव्या कॉलेजात आमच्या वर्गात मुली दोघीच, मी आणि माझी मैत्रीण, आणि रसायनशास्त्राला सरही एकच. सर सावली गावाकडचे. फळ्यापाशी पुस्तकी भाषेत बोलत, प्रयोगशाळेत मात्र गावची बोली तोंडात येई.

त्या हिवाळ्यात नायट्रोफिनॉलचे ऑर्थो आणि पॅरा हे दोन समघटक वेगळे करायचे होते. दोघांत अणू तेच आणि तेवढेच, फक्त जागा निराळ्या. ऑर्थोमध्ये हायड्रोजन त्याच रेणूतल्या शेजारच्या ऑक्सिजनला धरतो, म्हणजे पूल आतल्या आतच होतो. पॅरामध्ये ते लांब पडतात, मग हायड्रोजन दुसऱ्या रेणूला धरतो आणि सगळे एकमेकांत अडकून बसतात.

"म्हनून वाफ सोडली का ऑर्थो निंगून जाते, पॅरा बसून राह्यते," सर म्हणाले.

गॅस नव्हता. स्टोव्हवर पत्र्याच्या डब्यात पाणी उकळायचं, वाफ रबरी नळीने मिश्रणाच्या चंबूत सोडायची आणि पुढे गार पाण्याने वेढलेल्या काचेच्या नळीत ती निववायची. त्या सकाळी पाणी इतकं गार होतं की ऑर्थो काचेच्या नळीतच गोठला. पिवळ्या खड्यांनी नळी गच्च झाली, वाफ कोंडली आणि डबा फुगून कुरकुरू लागला. सर नळीवर वाकूनच विचारत होते, "पिवळं आलं का, पोरी?"

"सर, मागे व्हा!" मी ओरडले आणि डब्याची रबरी नळी ओढून काढली. वाफ फस्सकन सुटली, माझी बोटं भाजली.

सर स्टुलावर बसले. "लय भाजलं का?" मग हळूच म्हणाले, "मले दिसत नाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये. नोकरी जाईन म्हनून बोललो नाई."

आम्ही दोघी त्यांना घेऊनच प्राचार्यांकडे गेलो. मला वाटलं, आता संपलं. पण प्राचार्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "नागपूरला सोबत कोण जाईल?" मैत्रिणीचे मामा गेले.

शस्त्रक्रियेनंतर सर जाड भिंगांचा चष्मा लावून वर्गात आले आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"आवाजावरून तू मोठी दांडगी वाटत होती. इतकी बारीक काऊन?"

वर्ग हसला. मग त्यांनी एकेकाला उभं करून काहीतरी बोलायला लावलं. प्रत्येकाचा आवाज ऐकून ते चेहरा नीट बघून घेत होते. त्या तासाला शिकवणं काही झालं नाही.